जलपर्णी एकदा काढून भागत नाही

अकोल्याची मोर्णा नदी जलपर्णीने इतकी दाटली होती की पाणी दिसेना. १३ जानेवारी २०१८ रोजी सहा हजारांवर नागरिक जमले. चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी सफाई झाली. तरीही पुढच्या वर्षांत जलपर्णी परत आली.

असे का होते? ही मूळची दक्षिण अमेरिकेतील वनस्पती सांडपाण्यावर पोसते. उबदार हवेत ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते आणि तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे टिकते. पाणी झाकले गेले की त्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात, डास वाढतात.

मेळघाटातील गावतळ्यांसाठी यात धडा आहे. पहिले रोप दिसताच, जांभळे फूल येण्याआधी, ते मुळासकट काढा. काठावर टाकू नका. पावसाने ते पुन्हा पाण्यात जाते. दूर नेऊन वाळवा व शेणासोबत खड्ड्यात कुजवा, खत होईल. सांडपाणी तळ्यात जाऊ देऊ नका. तणनाशक फवारू नका. तेच पाणी गुरे पितात.

मंडळीतील तरुणांनी गावकऱ्यांसोबत दर पंधरवड्याला तळ्यावर फेरी मारली, तर हजारो माणसे बोलवावी लागणार नाहीत.