वादी, जबल आणि जंजिरा

नावांचा भूगोल : लेखांक ९

इझाबेल एबरहार्ट ही जिनिव्हात जन्मलेली, रशियन वंशाची लेखिका. अरबी पुरुषाचा वेश करून ती घोड्यावरून अल्जेरियाचं वाळवंट पालथं घालत असे. २१ ऑक्टोबर १९०४ रोजी, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या वाळवंटाच्या कडेलाच तिला मरण आलं आणि तेही पुरात. आइन सफ्रा नावाच्या गावात तिचं मातीचं घर अचानक आलेल्या लोंढ्यात कोसळलं. आइन सफ्रा म्हणजे पिवळा झरा. गावामधून जाणारं नदीचं पात्र वर्षातले बहुतेक दिवस ठणठणीत कोरडं असतं. अशा पात्राला अरबीत 'वादी' म्हणतात.

गेल्या आठवड्यात फारसी 'आबाद' आणि 'बंदर' यांच्याबद्दल वाचलं. ती माणसांनी वसवलेल्या जागांची नावं. अरबी नावांत राजांची आणि संतांची नावंही भरपूर आहेत, पण त्यांतला जुना आणि टिकाऊ थर आहे तो जमिनीच्या वर्णनाचा. पाणी कुठे मिळेल, गलबताला आडोसा कुठे आहे, रात्रीचा मुक्काम कुठे टाकू नये, हे त्या नावांतूनच कळावं अशी त्यांची रचना. नकाशा नसलेल्या काळात वाटाड्याचं ज्ञान नावांतच साठवलेलं होतं.

वादीचंच बघा. खोरं, दरी आणि तिच्या तळाचं कोरडं पात्र, या सगळ्याला मिळून हा एकच शब्द आहे. पाऊस पडतो तो लांब डोंगरावर. इथे आभाळ निरभ्र असतं. वर उघडा खडक आणि उन्हानं भाजून टणक झालेली माती, त्यामुळे पाणी जिरत नाही. ते सगळं एकवटून पात्रात उतरतं आणि काही मिनिटांत चिखल, धोंडे, झाडं घेऊन भिंतीसारखं धावून येतं. या लोंढ्याला अरबीत वेगळा शब्द आहे, 'सैल'. ओमानमध्ये रस्ता जिथे वादी ओलांडतो तिथे पाण्याची खोली दाखवणारे खांब उभे केलेले असतात आणि वाहत्या वादीत गाडी घालणं हा तिथे दंडनीय गुन्हा आहे.

लिबियातल्या डेर्ना शहराच्या मधून वादी डेर्ना जाते. वरच्या अंगाला १९७० च्या दशकात दोन धरणं बांधली गेली आणि कोरड्या पात्राच्या दोन्ही काठांना वस्ती दाटत गेली. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री 'डॅनियल' वादळाचा पाऊस झाला, दोन्ही धरणं फुटली आणि पात्राकाठचे मोहल्लेच्या मोहल्ले समुद्रात वाहून गेले. हजारो माणसं मेली. धरणांची देखभाल झाली नव्हती, ही गोष्ट त्याआधीच तज्ज्ञांनी सांगून ठेवली होती. 'वादी' हे नाव तर पुराचा हा धोका शतकानुशतकं सांगत होतं.

मराठी वाचकाला इथे आपली वाडी आठवणारच. सावंतवाडीतली वाडी आणि अरबी वादी यांचा मात्र काही संबंध नाही. आपली वाडी संस्कृत 'वाटिका'च्या कुळातली, कुंपणातली, माणसांच्या वस्तीची. अरबी वादी आपल्याकडे आली ती उर्दू-हिंदी गाण्यांतून, 'काश्मीर की वादी' म्हणून. तिथे तिला बर्फ आणि फुलं चिकटली.

या शब्दाचा सर्वांत लांबचा प्रवास स्पेनमधून झाला. इसवी सन ७११ मध्ये मुस्लिम सेनापती तारिक इब्न झियाद सामुद्रधुनी ओलांडून आला. ज्या खडकापाशी तो उतरला त्याला 'जबल तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, असं नाव पडलं. त्याचंच पुढे जिब्राल्टर झालं. पुढची जवळजवळ आठ शतकं स्पेनच्या कुठल्या ना कुठल्या भागात अरबी बोलली जात होती. रोमन लोक ज्या नदीला बेटिस म्हणत, तिला अरबांनी 'अल्-वादी अल्-कबीर' म्हटलं, मोठी वादी. यातला कबीर म्हणजे मोठा. संत कबीरांच्या नावात आहे तोच. स्पॅनिश जिभेवर त्याचं ग्वादलकिविर झालं. 'वादी अल्-हिजारा', दगडांची वादी, ती झाली ग्वादलाहारा. ग्वादियाना नदीत तर निम्मा शब्द अरबी आणि निम्मा त्याहून जुना आहे: वादी अधिक रोमनांच्या काळातलं 'आनास'.

मग हेच स्पॅनिश लोक जहाजं घेऊन निघाले. नुन्यो दे गुझमान या स्पॅनिश विजेत्याच्या जन्मगावावरून मेक्सिकोतल्या नव्या शहराला ग्वादलाहारा हे नाव मिळालं. १५६८ मध्ये मेंदान्या या दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या पेद्रो दे ओर्तेगानं पॅसिफिकमधल्या एका बेटाला सेव्हिल प्रांतातल्या आपल्या गावाचं नाव दिलं, ग्वादलकनाल. १९४२-४३ मध्ये अमेरिकी आणि जपानी सैन्यांनी महिनोन्‌महिने झुंज दिली ती याच बेटावर. घनदाट जंगलाच्या, धो-धो पावसाच्या त्या बेटाच्या नावात आजही कोरड्या पात्राचा अरबी शब्द बसलेला आहे.

अर्थ विसरला की नाव दुहेरी होतं. स्पॅनिशमध्ये 'रिओ ग्वादलकिविर' म्हणताना नदी दोनदा येते. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीला तिथली माणसं 'मोंजिबेल्लो' म्हणतात: 'मोन्ते' म्हणजे डोंगर, आणि 'जबल' म्हणजेही डोंगर. 'सहरा' म्हणजेच वाळवंट, तरी सगळं जग सहारा वाळवंट म्हणतं. मराठीतही 'सह्याद्री पर्वत' म्हणताना 'अद्री' म्हणजेच पर्वत, हे कुणाच्या ध्यानात राहतं?

सहाऱ्याची गोष्ट निघालीच आहे तर थोडं थांबायला हवं, कारण एवढा एक शब्द तिथल्या माणसाला पुरतच नाही. वाळूच्या टेकड्या सहाऱ्याच्या जेमतेम पाव हिश्श्यावर आहेत. उरलेल्या भूभागाला वेगवेगळे शब्द आहेत. टेकड्यांचा पसारा तो 'अर्ग', उघड्या खडकाचं पठार ती 'हमादा', बारीक गोट्यांची सपाटी तो 'रेग'. मीठ साचलेली, वरून टणक आणि आतून ओली अशी जमीन ती 'सब्खा'. सब्खेवर उंटाचा पाय फसला की फसला. ओमानमधल्या अशाच एका विस्तीर्ण सब्खेला 'उम्म अस्-समीम' म्हणतात. 'विषाची आई' असा त्याचा अर्थ लावतात. जगभरच्या भूगोलाच्या अभ्यासकांनी हे शब्द जसेच्या तसे उचलले, कारण हे भेद दाखवणारे शब्द युरोपच्या भाषांत नव्हतेच.

अरबस्तानच्या दक्षिणेचा 'रुब अल्-खाली' हा वाळूचा प्रदेश साडेसहा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा. नावाचा अर्थ रिकामा चतुर्थांश. भाडेकरूला 'जागा खाली करा' म्हणतात तोच हा 'खाली'. पण त्या वाळूत उंट घेऊन हिंडणारे बदू लोक हे नाव फारसं वापरत नसत. त्यांच्या तोंडी नुसतं 'अर्-रिमाल', म्हणजे वाळू. कुठल्या टेकडीआड विहीर आहे आणि कुठल्या भागात यंदा चारा उगवलाय हे ज्यांना ठाऊक, त्यांना तो प्रदेश रिकामा कसा वाटेल?

विहिरीसाठी 'बीर', झऱ्यासाठी 'आइन'. आइन म्हणजे डोळाही. जमिनीला डोळा फुटावा तसं पाणी दिसतं म्हणून झऱ्यालाही तोच शब्द. अबू धाबी अमिरातीतलं अल् ऐन हे शहर अशाच पाण्यावर वाढलं. तिथल्या खजुराच्या बागांना पाणी पोचवणारे 'फलज' हे पाट आणि त्या बागा २०११ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. 'आइन' या शब्दाचा आणखी एक अर्थ 'नेमका, गाभ्याचा' असा होतो, आणि तो घेऊनच हा शब्द मराठीत आला. 'ऐन वेळी', 'ऐन दुपारी' म्हणताना हाच 'ऐन' तोंडी असतो.

दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे शब्द रोजचे आहेत. तिथल्या मेट्रोच्या नकाशावर 'अल् रास' नावाचं स्थानक आहे. रास म्हणजे डोकं, आणि त्यावरून पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक. देरा भागाचं टोक खाडीच्या तोंडाशी पुढे आलेलं आहे, तिथेच हे स्थानक. खाडीला अरबीत 'खोर'. खाडीच्या पलीकडचं 'बर दुबई' म्हणजे दुबईची मुख्य भूमी. जेबेल अलीचा 'जेबेल' म्हणजे जबलच. १९७९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या प्रचंड बंदराच्या बोलबाल्यात ती बुटकी टेकडी मात्र कुणाच्या नजरेत भरत नाही. 'रास अल् खैमा' म्हणजे तंबूचं टोक. कतारचं 'रास लाफान' हेही समुद्रात गेलेलं टोक, आणि गुजरातेतल्या दहेजला २००४ पासून जहाजानं येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू तिथूनच निघतो.

आता 'जझीरा'. हा शब्द महाराष्ट्राच्या सर्वांत जवळचा.

जझीरा म्हणजे बेट, पण चहूबाजूंनी पाणी हवंच अशी त्याची अट नाही. अरबस्तान हे द्वीपकल्प, तरी त्याला 'जझीरत अल्-अरब' म्हणतात. कतारमध्ये १९९६ साली सुरू झालेल्या अल् जझीरा वाहिनीचं नाव यावरूनच. सुदानमध्ये निळी नाइल आणि पांढरी नाइल यांच्या मधला दुआब म्हणजे 'अल् जझीरा'; १९२५ मध्ये सेन्नारचं धरण झालं आणि तिथे कापसाची अफाट शेती उभी राहिली. स्पेनमधलं अल्हेसिरास म्हणजे 'अल्-जझीरा अल्-खद्रा', हिरवं बेट. सर्वांत नवल अल्जेरियाचं. किनाऱ्यालगतच्या काही लहान बेटांवरून अल्जीर्स या गावाला 'अल्-जझाइर', म्हणजे बेटं, असं नाव पडलं. सोळाव्या शतकात बांध घालून ती बेटं किनाऱ्याला जोडली गेली आणि दिसेनाशी झाली. गावाचं नाव पुढे देशाला मिळालं. आज क्षेत्रफळानं आफ्रिकेतला सर्वांत मोठा असलेला आणि चार पंचमांशाहून अधिक सहाऱ्यात पसरलेला हा देश स्वतःला 'बेटं' म्हणवतो.

हाच जझीरा अरबी समुद्र ओलांडून कोकणात आला आणि मराठी जिभेवर 'जंजिरा' झाला. मुरुडसमोरचा सिद्दींचा किल्ला हा त्याचा ठळक मानकरी. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींची तिथली सत्ता भारत स्वतंत्र होईपर्यंत टिकली. शिवाजी महाराजांनी त्याच्या समोरच पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट काढायचा प्रयत्न केला. किल्ला हाती आला नाही. खाऱ्या पाण्यानं वेढलेल्या त्या तटाच्या आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत, ही त्याच्या टिकावाची खरी किल्ली. मात्र जंजिरा हे त्या एकट्या किल्ल्याचं नाव राहिलं नाही. मराठी कागदपत्रांत समुद्रातल्या किल्ल्यालाच जंजिरा म्हणू लागले; 'जंजिरे सिंधुदुर्ग' असे उल्लेख त्यातूनच येतात. म्हणजे मराठीनं हा शब्द नुसता उसना घेतला नाही, त्याला स्वतःचं काम दिलं. शत्रूच्या किल्ल्याचं नाव आपल्या किल्ल्यांना लावताना तेव्हाच्या माणसांना काही वावगं वाटलं नाही, हे आज मुद्दाम लक्षात घ्यावं.

आणि 'किल्ला' तरी कुठला? अरबी 'कलआ'. स्पेनमधलं अल्काला दे एनारेस, जिथे १५४७ मध्ये स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस जन्मला, आणि सिसिलीतलं काल्तानिसेत्ता ही याच शब्दाची भावंडं.

जमिनीच्या महसुलाबरोबर आणखी बरेच शब्द इथे उतरले. पुण्याची कसबा पेठ आणि अल्जीर्सचा प्रसिद्ध कसबा एकाच 'कसबा'तून आले. तिकडे त्याचा अर्थ तटबंदीचा भाग असा राहिला, इकडे परगण्याचं मुख्य गाव असा झाला. 'मौजे' हे अरबी 'मौदी', म्हणजे ठिकाण. कोकणात एकाच नावाची दोन गावं वेगळी ओळखता यावीत म्हणून पुढे 'तर्फ' जोडतात. तो अरबी 'तरफ', म्हणजे कड किंवा टोक. १८०५ मध्ये ब्रिटिश नौसेनापती नेल्सननं ज्या टोकाजवळ लढाई जिंकली त्या ट्रफाल्गारच्या नावातही सुरुवातीला हाच तरफ आहे. 'नहर' म्हणजे अरबीत नदी. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून पाणी खेळवलं त्या कालव्याला नहर-ए-अंबरी म्हणतात. 'हौद' हाही अरबी, आणि अरबी भूगोलात नाइलच्या खोऱ्याला 'हौद' असाच शब्द आहे.

यातली कसबे, मौजे, तर्फ ही नावं अजून सातबाऱ्यावर आहेत. पाट्यांवरून आणि बोलण्यातून मात्र ती झपाट्यानं गळत चालली आहेत. वाचकांनी आपल्या गावाचा जुना उतारा काढून पूर्ण नाव एकदा नीट वाचावं आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शिवारातल्या ओढ्यांची, माळांची, टेकड्यांची नावं विचारून लिहून ठेवावीत. पुढच्या लेखांकात तुर्की 'सू' आणि 'दाग', म्हणजे पाणी आणि डोंगर.