आजीची गोष्ट आणि विश्वकोशातला लेख



आधी लष्करातली सेवा, मग शिक्षण, यामुळे काही वर्षे माझा मराठीचा वर्ग सुटला होता. यंदा मी परत आले. परत येणाऱ्या विद्यार्थ्याने आपले छंद सांगायचे आणि त्या छंदांशी संबंधित एक लेख ऑनलाइन विश्वकोशातून घेऊन तपासायचा, असा आम्हाला गृहपाठ होता. तो करताना मी काय शिकले ते इथे लिहिते.

माझे छंद तीन. पहिला स्वयंपाकाचा. मलिद्याचे ताट मांडायला मला आवडते: भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, गूळ, वर फळे. दुसरा छंद जुने फोटो जमवण्याचा. तिसरा आडनावांचा. रायगड जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या कुलाब्याचा नकाशा पुढे घ्यायचा आणि आपली आडनावे त्यावर शोधायची. पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, किहीमवरून केहिमकर, नवगाववरून नवगावकर. ही गावे एकेक करून सापडू लागली की नकाशा आपल्या घरातला वाटतो.

हे छंद सांगण्याला कारण आहे. लेख तपासायचा तर विषय असा घ्यावा, ज्यातले थोडेफार आपल्याला आधीपासून माहीत आहे. काहीच माहीत नसेल तर छापलेले सगळेच खरे वाटते. म्हणून मी विषय घेतला 'बेने इस्राएल'.

विकिपीडियासारखा विश्वकोश कोणीही लिहू शकतो आणि कोणीही सुधारू शकतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथे नियम असा की लिहिणाऱ्याने स्वतःचे मत घालायचे नाही, आणि जे लिहिले त्याला छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार द्यायचा. वाक्याच्या शेवटी छोटा आकडा असतो, तो त्या आधाराचा. आधार नसेल तर तिथे 'संदर्भ हवा' अशी खूण करता येते.

मी आजीला शेजारी बसवून वाचायला सुरुवात केली. आजीला सगळ्यात आधी नवगावची गोष्ट हवी होती. आपले पूर्वज गलबतातून येत होते, कोकणच्या किनाऱ्याजवळ ते फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना नवगावला पुरले. मी वाचता वाचता म्हणाले, "आजी, इथे 'परंपरेनुसार' असा शब्द लागतो."

आजी एकदम म्हणाली, "म्हणजे आमचे सगळे खोटे काय गं?"

तिच्या रागाचे कारण मला ठाऊक होते. १९६२ च्या सुमारास इथे आपल्या लोकांच्या लग्नाची नोंद करताना मागच्या पिढ्यांची चौकशी व्हायची. आपण खरे ज्यू की नाही, असा प्रश्न विचारला जाई. लोकांनी निदर्शने केली, धरणे धरले. शेवटी १९६४ साली क्नेसेटने आणि सरकारने बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच आहेत, असे जाहीर केले. आजी तेव्हा तरुण मुलगी होती. शंकेचा वास आलेला शब्द तिला अजून टोचतो.

म्हणून पहिला धडा शब्दांचा. 'बेने इस्राएल असा दावा करतात' आणि 'बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार' ही दोन वाक्ये सारखी नाहीत. 'दावा' म्हटले की कोर्ट आठवते. बोलणाऱ्यावर संशय येतो. 'परंपरा' म्हटले की ही गोष्ट कोणी जपली ते कळते, आणि तिचा त्या काळचा लेखी पुरावा हाती नाही हेही कळते. लेख तपासताना अशी क्रियापदे पेन्सिलीने खुणावीत.

दुसरा धडा आधाराचा. आकड्यावर थांबू नये, आधार उघडून पाहावा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा आपल्या समाजाचा इतिहास १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. पण त्यांनी तो लिहिला १८९७ मध्ये. पुस्तकावरचे साल पाहून ही माहिती १९३७ ची समजली, तर चाळीस वर्षांची चूक होते. शिवाय ते आपल्याच समाजातले. त्यांनी पाहिलेल्या चालीरीतींना त्यामुळे मोठे मोल आहे. पण त्यांच्याही खूप आधीच्या काळाबद्दल तेही ऐकलेलेच सांगतात.

तिसरा धडा मतभेदाचा. डेव्हिड रहाबी यांनी आपल्या लोकांना ओळखले ते शब्बाथ, सुंता, शेमा आणि पर-खवले असलेलेच मासे खाण्याची रीत पाहून, असे आपण ऐकतो. पण ते आले कधी? कोणी हजार वर्षांपूर्वी म्हणतात, कोणी त्यांचा संबंध अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. चांगल्या लेखात दोन्ही मते यावीत, आणि कोणते मत कोणाचे तेही यावे.

याउलट काही गोष्टी पक्क्या असतात. मुंबईची आपली पहिली मशीद, शआर हारहमीम, १७९६ साली सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी, यांनी बांधली. (तरुण वाचकांसाठी: आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत.) तिथे 'परंपरेनुसार' लिहायची गरज नाही. कुठे परंपरा आणि कुठे नोंद, हे लेखाने वेगळे ठेवले आहे का, हे पाहणे म्हणजेच लेख तपासणे.

चौथा धडा, काय सुटले ते पाहण्याचा. आपल्याकडे मराठी, हिब्रू आणि इंग्रजी तिन्ही भाषा आहेत. एकाच विषयाचे तिन्ही लेख शेजारी ठेवले की कुठे काय राहिले ते दिसते. 'इतिहास पहा' वर गेले की कोणी कधी काय बदलले ते कळते, आणि 'चर्चा' मध्ये वाद कशावर झाला ते.

शेवटी आजी म्हणाली, "मग माझे नाव घालून लिही की. मी सांगते ना, आमच्या घरी मलिदा कसा करायचे."

इथे मी अडले. आजीचे तोंडी सांगणे विश्वकोशाला आधार म्हणून चालत नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते उघडून पडताळता येत नाही. हा नियम योग्य आहे, पण त्यात आपले नुकसानही आहे. आजी आहे तोवरच तिची आठवण आहे. ती आधी कुठेतरी लिहून, छापून यायला हवी: 'मायबोली' सारख्या अंकात, नाहीतर अशाच एखाद्या पुस्तिकेत. विश्वकोशाची पाळी त्यानंतर.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावे, गाव आणि साल लिहा. साल नक्की आठवत नसेल तर 'अंदाजे' लिहा. तोही प्रामाणिकपणाच आहे. आणि मुलांनो, आजी-आजोबा सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, खाली तारीख घाला.

मी सुरुवात केली आहे. आजीचा मलिदा वहीत उतरवला. गुळाचे माप विचारले तर ती म्हणाली, "हाताला कळते." मी तेही तसेच लिहिले.