वाचनाची गोडी आधी कानाला लागते

गेल्या पावसाळ्यात उमरोळीकडची एक आई दुसरीतल्या मुलाला घेऊन ओपीडीत आली. तक्रार पोटदुखीची. पोट तपासलं, काही सापडलं नाही. बोलता बोलता आई म्हणाली, "डॉक्टर, रविवारी याचं पोट दुखत नाही. शाळेत फळ्यावरचं वाचायला उभं केलं की दुखतं." मी त्याला भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला सांगितलं, तर तो उठून थेट पोस्टरला नाक लावून उभा राहिला. डोळे तपासल्यावर नंबर निघाला आणि चष्मा मिळाला. पोटदुखी कमी झाली, पण वाचनाची धास्ती लगेच गेली नाही.

वाचता न येणं आणि वाचावंसं न वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण कधी कधी शरीरात असतं. दुसरीचं कारण बहुतेक वेळा आपण वाचन कसं सुरू केलं यात असतं.

बोलणं मूल ऐकून ऐकून शिकतं. वाचनाचं तसं नाही. लिपी माणसाकडे जेमतेम पाच हजार वर्षांपासून आहे, त्यामुळे वाचनासाठी जन्मतः तयार असलेली जागा मेंदूत नाही. वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या, मेंदूच्या डाव्या मागच्या बाजूच्या एका भागाला सरावाने अक्षरं ओळखायला शिकवावं लागतं. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास डेहेन यांनी यावर बरंच काम केलं आहे. हा सराव होईपर्यंत 'का-व-ळा' जुळवण्यातच मुलाचं सगळं लक्ष खर्च होतं. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. अर्थच हाती लागला नाही तर गोडी लागणार कशी?

म्हणून सुरुवातीची काही वर्षं जुळवण्याचं ओझं मोठ्यांनी उचलायचं. बाईंनी किंवा गुरुजींनी गोष्ट वाचून दाखवायची, मुलांनी ऐकायची आणि चित्रं पाहायची. पुस्तकात मजा असते हे त्यांना आधी कळलं, की अक्षरांची खटपट करायला ती आपणहून तयार होतात. बोस्टनच्या एका सार्वजनिक रुग्णालयात 1989 साली बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या बाळांच्या पालकांना पुस्तकं द्यायला आणि वाचून कसं दाखवायचं हे सांगायला सुरुवात केली. पुढे 2014 मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मोठ्याने वाचून दाखवण्याचा सल्ला तान्हेपणापासून द्यावा, असं धोरणच जाहीर केलं.

आपल्याकडे हे नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून दोष न देता त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली. शिंपले, पानं, बिया, गाणी आणि गोष्टी हे तिथलं साहित्य होतं. मुलाच्या ओळखीच्या जगातून शिक्षण सुरू करायचं, हा त्याचा गाभा.

आज पालघर-बोईसर पट्ट्यात याची गरज अधिक आहे. एकाच वर्गात घरी वारली बोलणारी, वाडवळी बोलणारी आणि तारापूर एमआयडीसीत कामाला आलेल्या कुटुंबांतली हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुलं असतात. पुस्तकातली मराठी यातल्या अनेकांच्या कानावर पहिल्यांदाच पडते. न ऐकलेला शब्द मुलाने अक्षरं जुळवून वाचला तरी त्याला तो शब्द वाटत नाही. म्हणून गोष्ट आधी मुलांच्या बोलीत सांगावी, मग पुस्तकातून वाचावी.

वर्गात यासाठी फार काही लागत नाही. रोज दहा मिनिटं ठरावीक वेळी गोष्ट. तीच गोष्ट पुन्हा मागितली तर पुन्हा, कारण ओळखीच्या वाक्यातच मूल शब्द ओळखायला शिकतं. वाचताना ओळीखालून बोट फिरवावं. पुढे काय होईल, असं विचारावं. तात्पर्य विचारू नये. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नको. पानं फाटली तर चिकटवता येतात. आणि अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर उभं करून वाचायला लावू नये. घाबरलेल्या मुलाला येत असलेलंही आठवत नाही.

आता शरीराचं. मूल फळ्याजवळ सरकतं, डोळे बारीक करतं, पुस्तक नाकाशी धरतं, तर डोळे तपासा. कान वाहत असेल, हाक मारल्यावर लक्ष जात नसेल, तर कान तपासा. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला 'प' आणि 'ब' वेगळे करणं अवघड जातं. फिकट दिसणारं, लवकर दमणारं मूल रक्तक्षयाने मरगळलेलं असू शकतं. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी त्यासाठीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासतं. त्या दिवशी मूल गैरहजर राहू देऊ नका, आणि शंका असेल तर पुढच्या फेरीची वाट न पाहता जवळच्या सरकारी दवाखान्यात या. सगळं ठीक असूनही तिसरीपर्यंत वाचन जमत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. त्याला आळशी म्हणू नये.

घरी स्वतःला वाचता येत नसलं तरी चालतं. चित्रं पाहत मुलाशी बोला, आजीला गोष्ट सांगू द्या, आणि मुलाने वाचलेलं ऐकायला शेजारी बसा. त्या दुसरीतल्या मुलाच्या आईला मी औषधाच्या चिठ्ठीवर हेच लिहून दिलं: रात्री जेवणानंतर एक गोष्ट, रोज. चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. ती मुलानेच, एकेक अक्षर जुळवत, तिला वाचून दाखवली.