घाट उतरणारा गारवा

फेब्रुवारी-मार्चच्या रात्री उर्से टोलनाक्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांमध्ये पांढरे, लांबलचक कंटेनर हमखास दिसतात. गाडी उभी राहिली तरी त्यांची घरघर थांबत नाही, कारण कंटेनरला जोडलेला डिझेलचा जेनसेट चालूच असतो. हे रीफर. तासगाव, इंदापूर, बारामतीकडची द्राक्षं पुण्यावरून येतात. जुन्नर-नारायणगावची काळी द्राक्षं चाकणमार्गे तळेगावात येऊन द्रुतगती मार्गाला लागतात. नाशिकचा माल राज्यात सगळ्यांत मोठा, पण त्याची वाट कसाऱ्याची. उरलेल्या महाराष्ट्रातलं बरंचसं गार फळ मावळातून जातं, खंडाळ्याचा घाट उतरतं आणि न्हावाशेवाच्या धक्क्यावर जहाजात चढतं.

ही वाट जुनी. या घाटातून, म्हणजे बोरघाटातून, गाडीरस्ता झाला १८३० मध्ये, रेल्वे आली १८६३ मध्ये. न्हावाशेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. समुद्रावरच्या थंडीचा प्रवास मात्र आपल्याकडे उलट्या दिशेनं सुरू झाला होता. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेलं ‘टस्कनी’ हे जहाज गोठलेल्या तळ्यांतला बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्याला पोचलं. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी उरलेला विकला गेला. यंत्रानं थंडी तयार करून अन्न पाठवण्याची खात्री पटली ती १८८२ मध्ये. न्यूझीलंडहून ‘ड्युनेडिन’ हे शिडाचं जहाज गोठवलेलं मांस घेऊन निघालं आणि विषुववृत्त ओलांडून लंडनला पोचलं.

गोठवलेल्या मालाचं गणित तुलनेनं सोपं. उणे १८ अंश राखायचे, बस्स. आपली निर्यातीची कोळंबी अशीच जाते. तळोज्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गोठवलेल्या मासळीला तर घाट लागतच नाही. खरी कसोटी ताज्या फळाची, कारण ते जिवंत असतं. तोडल्यानंतरही ते श्वास घेतं, त्या श्वासातून उष्णता बाहेर टाकतं आणि पाणी गमावत राहतं. शिवाय प्रत्येकाची थंडी वेगळी. द्राक्षाला शून्याच्या आसपासचं तापमान लागतं. डाळिंबाला पाच ते सात अंश, त्याखाली गेलं की साल डागाळते. केळ्याला तेराच्या जवळपास हवं, नाहीतर ते काळं पडतं आणि नीट पिकत नाही. म्हणून एकाच कंटेनरमध्ये द्राक्ष आणि केळी भरता येत नाहीत, दोन्ही फळं गारच ठेवायची असली तरी.

रीफरबद्दल एक गैरसमज बागायतदारांतही भेटतो: कंटेनर माल थंड करतो. तसं नाही. कंटेनर थंड झालेला माल थंड राखतो. त्याची यंत्रणा जमिनीवरच्या खाचांमधून गार हवा सोडते, ती हवा पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल भरला की तिची परतीची वाट बंद होते. बागेतली उष्णता पोटात घेऊन आलेला बारा-तेरा टन माल गार करण्याची ताकद त्या यंत्रात नसते. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावलं की त्यांना घाम सुटतो, तसं प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी गार करणं, न झालेल्या द्राक्षांचं होतं आणि त्या ओलाव्यावर करडी बुरशी वाढते. ही बुरशी शून्य अंशालाही मरत नाही, फक्त सावकाश वाढते. तिला रोखायला पेटीत ‘ग्रेप गार्ड’ नावाचा कागद घालतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड आधी भरभर आणि मग हळूहळू सुटतो. जास्त सुटला, तर मणीच पांढुरके पडतात.

म्हणून समुद्राच्या प्रवासाचं भवितव्य समुद्रावर ठरत नाही, ते बागेत आणि पॅकहाऊसमध्ये ठरतं. पहाटे तोडणी, सावलीत वाहतूक, चार-सहा तासांच्या आत गार हवेच्या झोतात माल आणणं, मण्याच्या आतलं तापमान मोजूनच गाडी भरणं. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, सुधारत नाही. तोडणीच्या वेळी असेल, त्याहून चांगलं ते पुढे कधीच होत नाही.

हे ज्ञान महाराष्ट्रात सहकारातून आलं, याचा मला अभिमान वाटतो. १९९१ मध्ये पुण्यात ‘महाग्रेप्स’ उभी राहिली. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांची ती भागीदारी, पाठीशी राज्याचं कृषी पणन मंडळ. एकट्या बागायतदाराला प्रीकूलिंगची खोली परवडत नव्हती, ती संस्थेनं उभी केली. पुढे परीक्षा आल्याच. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अवशेषांमुळे युरोपनं आपली द्राक्षं अडवली आणि थंडीत सुखरूप पोचलेला माल बंदरात पडून राहिला. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपच्या वाटेवर सुमारे दोन आठवड्यांची भर पडली. इतके दिवस टिकायला माल मुळातच निर्दोष लागतो.

या साखळीतला अवघड दुवा मावळात आहे. घाटात वाहतूक अडली की जेनसेटचं डिझेल आणि जहाजाची वेळ, दोन्ही सरत जातात. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर रसायनाचा टँकर पेटला, माणसं गेली आणि द्रुतगती मार्ग काही तास बंद राहिला. कंटेनरच्या यंत्रात तापमानाची नोंद सतत होत असते, पण ती वाचतात वाहतूकदार आणि खरेदीदार. शेतकऱ्याच्या हाती येतो तो थेट ‘क्लेम’, म्हणजे मालाच्या पैशांतली कपात. थंडी नेमकी कुठे तुटली, पॅकहाऊसमध्ये, घाटात की जहाजावर, हे त्याला कळलंच पाहिजे. ती नोंद बागायतदाराच्या मोबाइलवर पोचणं आज सहज शक्य आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.

डाळिंबानं अलीकडे मोठी मजल मारली. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या मदतीनं साठवणुकीच्या चाचण्या झाल्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये भगवा डाळिंबाचे सुमारे १४ टन जहाजानं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उतरले. प्रवास सुमारे पाच आठवड्यांचा. विमानाच्या भाड्यात जे फळ श्रीमंतांपुरतं उरलं असतं, त्याला जहाजानं मोठा बाजार दाखवला.

मग मावळच्या गुलाबाचं काय? तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये फुललेला लाल ‘टॉप सिक्रेट’ व्हॅलेंटाइन डेसाठी युरोपला जातो, पण विमानानं. विमानाचं भाडं वाढलं की उत्पादकाच्या हाती काही उरत नाही. केनियाचे गुलाब मोंबासाहून जहाजानंही युरोपला जाऊ लागले आहेत. अर्ध्या-एक अंशावर, कोरडे बांधलेले, घट्ट कळीतले गुलाब आठवडे काढू शकतात. काढणीपश्चात तंत्राचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था तर तळेगावातच आहे.

अडचण वेगळीच आहे. चाळीस फुटी कंटेनरमध्ये लाखाहून अधिक फुलं मावतात. दहा-वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसवाल्याला तो एकट्यानं भरता येणार नाही, म्हणजे द्राक्षवाल्यांनी १९९१ मध्ये जे केलं तेच इथे करावं लागेल: एका दिवशी तोडणी, एका मापाची प्रतवारी, सामाईक शीतगृह. आणि पिकाचं वेळापत्रकही बदलावं लागेल. आज मावळातला उत्पादक डिसेंबरमध्ये फांद्या वाकवतो, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस कळ्या तयार होतात. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजानं फूल वेळेत पोचवायचं, तर तोडणी जानेवारी उजाडण्याआधी व्हायला हवी आणि फांद्या वाकवणं नोव्हेंबरमध्येच उरकायला हवं.