उंदराच्या पोटातले जंत आणि डब्यातला तांदूळ

मागच्या पावसाळ्यात आम्ही विहारात मुलांची तपासणी ठेवली होती. सहा वर्षांच्या एका मुलाच्या शौचाच्या नमुन्यात पट्टकृमीची अंडी सापडली. अहवालावर नाव होतं हायमेनोलेपिस डिमिन्युटा, म्हणजे उंदराचा पट्टकृमी. आई आमच्यावरच चिडली. "ताई, शाळेत जंताची गोळी खाल्लीय की त्यानं! आणि आमच्यात उंदीर कोण खातंय?"

दोन्ही प्रश्न रास्त होते.

शेतातल्या किंवा गटारातल्या उंदराचं आतडं म्हणजे एका वाड्यात राहणारी अनेक बिऱ्हाडं. लहान आतड्यात लांब पट्टकृमी, शेजारी केसासारखे बारीक तांबूस कृमी. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला दोऱ्यासारखे सूत्रकृमी. शिवाय डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव. प्रत्येकाची आत शिरायची वाट वेगळी. सूत्रकृमीची अंडी उंदीर अंग चाटताना गिळतो. बारीक तांबूस कृमीची पिल्लं ओल्या मातीतून त्याच्या कातडीतच घुसतात. पट्टकृमी मात्र किड्यातून येतो. म्हणून उंदीर कुठे राहतो आणि काय खातो, यावर त्याच्या पोटातली वस्ती ठरते.

यातले बहुतेक जंत माणसात टिकत नाहीत. पण काही टिकतात. उंदराच्या आतड्यात काटेरी सोंडेचा एक कृमी असतो, तो झुरळ किंवा भुंगेऱ्यातून येतो. १८८८ साली इटलीतल्या कालांद्रुच्चो नावाच्या संशोधकाने त्याची पिल्लं मुद्दाम गिळली आणि पोटदुखी, जुलाब असं जे झालं ते नोंदवून ठेवलं. परिचारिका म्हणून आम्ही कुणालाही असला सल्ला देणार नाही!

आता त्या मुलाचं. उंदराच्या लेंडीतून पट्टकृमीची अंडी धान्यावर पडतात. पिठातले तांबडे भुंगेरे ती खातात आणि त्यांच्या पोटात कृमीचं पिल्लू तयार होतं. असा भुंगेरा दुसऱ्या उंदराने खाल्ला की त्याच्या पोटात जंत. कच्च्या तांदळाच्या मुठीबरोबर मुलाने खाल्ला की मुलाच्या पोटात. म्हणजे उंदीर खाल्ला नाही, उंदराचा किडा खाल्ला. जंत थोडे असतील तर त्रास जाणवतही नाही; जास्त असतील तर पोट दुखतं, जुलाब होतात, मूल चिडचिड करतं.

आणि गोळी? २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलांना अल्बेंडाझोल देतात. ती गोलकृमी, अंकुशकृमी आणि चाबूककृमीसाठी आहे, आणि ती चुकवू नयेच. पण या पट्टकृमीसाठी डॉक्टर प्राझिक्वांटेल देतात, वजन पाहून. दुकानातून आपल्या मनाने आणू नका. गोळी खाऊनही तक्रार राहिली तर सरकारी दवाखान्यात शौचाची तपासणी मागून घ्या.

आमची आजी सांगायची, १९७२च्या दुष्काळात घुशींची बिळं उकरून साठवलेलं धान्य काढलं. ते पाखडून, भाजून, मग दळलं. भाजल्यावर किड्यातलं पिल्लू मरतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पण आम्ही कच्चे दाणे तोंडात टाकले की हातावर फटका बसायचाच. वस्तीतल्या मुलांना जंत झाले की "तुम्ही लोक स्वच्छ राहत नाही" हे ऐकवणाऱ्यांना आम्ही आजीची ही गोष्ट सांगतो.

त्या आईचं घर आम्ही पाहिलं. भांडी लखलखीत होती. तांदूळ घट्ट झाकणाच्या डब्यात होता, पण भुंगेरे रेशनच्या पिशवीतूनच आले होते. दुकानात पोती ओल्या जमिनीवर रचलेली, खालच्या पोत्यांना भोकं, भोवती लेंड्या. दोन दिवस उन्हात वाळवून, चाळून, पाखडून मगच डब्यात भरा, असं आम्ही तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पावसाळ्यात ऊन कुठनं आणू?"

दुकानातली पोती लाकडी फळ्यांवर ठेवावीत, भोकं बुजवावीत आणि किडका माल बदलून द्यावा, असा अर्ज आम्ही पुरवठा कार्यालयात दिला आहे. पहिली सही तिची आहे.