सोन्याचा मुलामा, कागदाचा भाव

कार्डाच्या मागे ‘२३ कॅरेट’ असं ठसठशीत कोरलेलं असतं. सोबत प्रमाणपत्र, त्यावर अनुक्रमांक आणि कार्ड ठेवायला जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी. अमेरिकेत एखाद्या घराचा माळा आवरताना वारसांच्या हाती असं बेसबॉल कार्ड लागतं आणि ते मोठ्या आशेने क्रीडा-कार्डांच्या दुकानाची पायरी चढतात. दुकानदार जो आकडा सांगतो तो बहुतेक वेळा दोन माणसांच्या साध्या जेवणाच्या बिलाहूनही कमी असतो. सोनं खोटं असतं असं नाही. ते फार थोडं असतं, इतकंच.

ही कार्डं बाजारात कशी आली ते पाहायला १९८० च्या दशकात जावं लागतं. जुन्या पिढीने लहानपणी च्युइंगमबरोबर मिळालेली कार्डं सायकलच्या चाकात फडफडायला लावली होती आणि पोरं मोठी झाल्यावर उरलेली आयांनी केरात टाकली होती. त्यातली जी वाचली त्यांना आता हजारो डॉलर मिळतात, अशा बातम्या येऊ लागल्या आणि लोक नवी कार्डं जपून ठेवू लागले. टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर या कंपन्यांची छपाईयंत्रं अखंड चालू झाली. १९८९ मध्ये अपर डेक ही नवी कंपनी चकचकीत जाड कागद आणि मागे होलोग्राम घेऊन उतरली. तिच्या संचातलं पहिलंच कार्ड केन ग्रिफी ज्युनिअर या कोवळ्या पोराचं होतं. नव्वदीच्या सुरुवातीला हा धंदा वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढे गेला. त्या काळातल्या ढिगाला आज संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. कार्डांचा महापूर आल्यावर आपलं कार्ड वेगळं कसं दाखवायचं, हा प्रश्न विकणाऱ्याला पडणारच. त्याचं सगळ्यात सोपं उत्तर होतं धातू.

टॉप्सने ते आधीच चाखून पाहिलं होतं. १९८४ मध्ये तिने निवडक खेळाडूंच्या कार्डांच्या लहान आकाराच्या प्रतिकृती कांस्यात आणि चांदीत काढल्या. पण खरी गर्दी झाली नव्वदीत. फ्लोरिडातल्या हायलँड मिंटने टॉप्सची गाजलेली कार्डं जशीच्या तशी कांस्यात आणि शुद्ध चांदीत घडवली. सोनेरी दिसणारी आवृत्ती म्हणजे चांदीवर २४ कॅरेटचा मुलामा. डॅनबरी मिंटने २२ कॅरेटच्या मुलाम्याची कार्डं टपालाने घरपोच पाठवली. ब्लीचर्स नावाच्या कंपनीची २३ कॅरेटची कार्डं तर इतकी पसरली की आज कोणी नुसतं ‘सोन्याचं कार्ड’ म्हटलं तरी जाणकाराच्या डोळ्यासमोर आधी तीच येतात. प्रसंगांचा तुटवडा नव्हताच. १९९३ मध्ये नोलन रायन निवृत्त झाला, १९९५ मध्ये कॅल रिपकेनने सलग २१३१ सामन्यांचा विक्रम केला, १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने ७० होम रन मारले. प्रत्येक क्षण सोन्यात गोठवून विकता येत होता.

आता यातलं सोनं मोजूच. बेसबॉल कार्डाचा नेहमीचा आकार अडीच इंच बाय साडेतीन इंच, म्हणजे एका बाजूला सुमारे ५६ चौरस सेंटिमीटर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या दागिन्यांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार ‘गोल्ड इलेक्ट्रोप्लेट’ म्हणवण्यासाठी सोन्याचा थर किमान ०.१७५ मायक्रॉन हवा. तेवढा थर दोन्ही बाजूंना धरला तर संपूर्ण कार्डावर साधारण ३८ मिलिग्रॅम सोनं भरतं. १९९९ मध्ये सोनं औंसाला २८० डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे त्या सोन्याची किंमत ३५ सेंट. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोन्याने औंसाला चार हजार डॉलर ओलांडले, तरी त्याच कार्डावरचं सोनं पाच डॉलरच्या घरातच. आणि तेही खरवडून, गाळून हातात आलं तर. त्या खटाटोपाचा खर्च त्याहून जास्त होईल. तुलनेला सांगायचं तर त्याच आकाराचं, फक्त एक मिलिमीटर जाडीचं भरीव सोन्याचं कार्ड शंभर ग्रॅमहून जास्त भरलं असतं. कॅरेटचा आकडा शुद्धता सांगतो, वजन सांगत नाही. आपल्याकडे दसऱ्याला वळं घ्यायला गेलेली आजी सराफाला आधी वजन विचारते, मग मजुरी. या कार्डांच्या जाहिरातींत कॅरेट मोठ्या अक्षरात असायचं आणि वजनाचा उल्लेखच नसायचा.

हायलँड मिंटच्या चांदीच्या कार्डांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांत ४.२५ ट्रॉय औंस, म्हणजे १३२ ग्रॅम चांदी असते. नव्वदीच्या सुरुवातीला चांदी औंसाला चार डॉलरच्या आगेमागे होती, तेव्हा कार्डातल्या चांदीची किंमत सतरा डॉलर. म्हणजे घेणाऱ्याने मोजलेले पैसे मुख्यतः कलाकुसरीचे, नावाचे आणि हौसेचे होते. आज मूल्यमापन करणारा या कार्डाकडे पाहताना आधी ते तराजूवर ठेवतो. मोडीत जे येईल त्याच्या खाली भाव जात नाही. वर किती जाईल ते खेळाडूवर अवलंबून. इथे धातू भावाला खालून टेकू देतो. मुलाम्याच्या कार्डाला असा टेकूच नाही, ते पूर्णपणे लोकांच्या इच्छेवर तरंगतं. विकताना मात्र दोन्हींची भाषा एकच होती.

मुलाम्याच्या कार्डांविषयीची ही इच्छा का आटली? संख्या हे एक कारण. प्रमाणपत्रावर ‘मर्यादित आवृत्ती’ लिहिलेलं असे, पण ती मर्यादा कित्येक हजारांची. कार्डांना दहापैकी गुण देणाऱ्या संस्थाही निघाल्या. त्यांतल्या काही या सोनेरी कार्डांना सर्रास दहा देत सुटल्या, मग त्या दहाला किंमत कोण देणार? पण माझ्या मते मूळ कारण आणखी साधं आहे. ही कार्डं कोणी फेकलीच नाहीत. सोनं म्हटल्यावर कोण फेकणार? कार्ड पहिल्या दिवशी पेटीत गेलं आणि पेटीतच राहिलं. दुर्मीळ व्हायला काहीतरी हरवावं लागतं, आणि इथे काहीच हरवलं नाही.

याच्या उलट टॉप्सचं १९५२ चं मिकी मँटलचं कार्ड. साधा पुठ्ठा. त्या संचाचा शेवटचा भाग मोसमाच्या अखेरीस आला आणि खपला नाही. तो संच घडवणाऱ्या साय बर्गर यांनी १९६० मध्ये उरलेल्या पेट्या बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवल्याचं स्वतःच सांगितलं आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मँटलचं तेच कार्ड, वाचलेलं आणि जवळजवळ निर्दोष, १ कोटी २६ लाख डॉलरना गेलं. त्या वेळच्या दराने सुमारे शंभर कोटी रुपये.

आणखी एक गंमत. १९९७ च्या मोसमात मेटल युनिव्हर्स नावाच्या बास्केटबॉल संचात ‘प्रेशस मेटल जेम्स’ नावाची खास कार्डं निघाली. प्रत्येक खेळाडूची शंभर, त्यांतली पहिली दहा हिरवी, बाकीची लाल. नावात मौल्यवान धातू, पण कार्डात ना सोनं ना चांदी. पुठ्ठ्यावर रंगीत चकचकीत फॉइल, जे कडांना जरा घासलं की उडतं. मायकेल जॉर्डनच्या त्या हिरव्या कार्डाला आज लाखो डॉलर मिळतात.

खेळाडूचं नाव बिघडलं तर धातू ते सावरू शकत नाही. मॅग्वायरच्या सत्तर होम रनची स्मृतिकार्डं ज्या कौतुकाने विकली गेली, ते कौतुक २०१० मध्ये त्याने स्टिरॉइड्स घेतल्याची कबुली दिली तेव्हा उरलंच नव्हतं. त्याच्या कार्डावरचं सोनं पूर्वीइतकंच शुद्ध आहे.

२०२० च्या टाळेबंदीत कार्डांचा बाजार पुन्हा उसळला, तेव्हाही ही सोनेरी कार्डं जागची फारशी हलली नाहीत. पुढे हलली ती चांदीची, आणि वेगळ्याच कारणाने. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या पुढे गेली आणि हायलँड मिंटच्या एका कार्डातल्या धातूची किंमत दोनशे डॉलरच्या वर पोहोचली. दुय्यम खेळाडूचं कार्ड असेल तर मालकाला ते भट्टीत घालण्याचा मोह आता नक्कीच होणार. त्या कार्डांच्या कडेवर अनुक्रमांक कोरलेले आहेत, एकूण किती काढली हे प्रमाणपत्रावर छापलेलं आहे; किती वितळली याची नोंद मात्र कुठेच होत नाही. आणखी वीस वर्षांनी त्यातलं एखादं समोर आलं, तर प्रमाणपत्रावरचा एकूण आकडा किती खरा धरायचा हे मूल्यमापन करणाऱ्याला अंदाजानेच ठरवावं लागेल.