पाहुणे शब्द (भाग १४) : जॉइन झाली की जॉइन केली?

‘चार्ज’चा उत्तरार्ध, म्हणजे लाठीचार्ज आणि चार्जशीट, या आठवड्यात यायचा होता. तो पुढे ढकलला आहे, कारण मागचा भाग वाचून मेहकर तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांनी नेमका प्रश्न पाठवला. चार्ज घेण्याआधी माणूस जॉइन होतो; मग तो शब्द आधी का नाही? त्यांच्या मुलीची शाळेवर नेमणूक झाली. घरात सगळे म्हणाले, ‘पोरगी शाळेवर जॉइन झाली.’ मुलीने इंग्रजीत कळवले ते मात्र ‘जॉइन्ड इन द स्कूल’ असे. इंग्रजी शिकवण्यात हयात घालवलेल्या वडिलांना ते ‘इन’ खटकले. इंग्रजीतले चूक असेल, तर मराठीतले ‘शाळेवर जॉइन झाली’ बरोबर कसे?

इंग्रजीपुरते उत्तर सोपे आहे. तिथे नोकरी, फौज, पक्ष, क्लब यांच्याशी ‘जॉइन’ थेट जोडला जातो, मध्ये ‘इन’ येत नाही. ‘जॉइन इन’ वेगळे. कुणी गात असतील आणि आपणही सूर मिसळला, पोरे खेळत असतील आणि आपणही उतरलो, तर ते ‘जॉइन इन’. ‘जॉइन अप’ म्हणजे फौजेत भरती होणे. मुलीच्या वाक्यातले ‘इन’ मराठीतून गेले आहे, आणि इंग्रजीत ते काढलेच पाहिजे.

मराठीतली गोष्ट मात्र निराळी, आणि इथे थोडे थांबायला हवे. मराठीने हा शब्द घेताना त्याचे इंग्रजी व्याकरण घेतले नाही. ‘होणे’ आणि ‘करणे’ ही आपली दोन क्रियापदे त्याच्यापुढे उभी केली आणि एका शब्दाचे दोन शब्द झाले. ‘जॉइन होणे’ तिथे, जिथे नेमणुकीचा आदेश असतो, पद असते, तारीख असते: तलाठी सजावर जॉइन होतो, नर्स दवाखान्यात जॉइन होते, बाळंतपणाच्या रजेनंतर बाई पुन्हा ड्यूटीवर जॉइन होतात. ‘जॉइन करणे’ तिथे, जिथे आपली निवड असते: क्लास जॉइन केला, जिम जॉइन केली, ग्रुप जॉइन केला. ‘जिममध्ये जॉइन झाला’ कानाला चालून जाते; ‘तहसील जॉइन केले’ मात्र कुणी म्हणत नाही. खासगी नोकरीत दोन्ही चालतात, पण तिथेही छटा वेगळी. ‘कंपनीत जॉइन झाला’ म्हणजे कामाला लागला, आणि ‘आधीची सोडून ही कंपनी जॉइन केली’ म्हणजे विचार करून निर्णय घेतला.

असाच फरक ‘रिटायर’मध्ये दिसतो. वय झाले की माणूस रिटायर होतो. त्याला रिटायर केले म्हटले, की ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते. उसना शब्द भाषेत मुरला की नाही हे तपासायचे, तर तो ‘होणे’ आणि ‘करणे’ यांच्यापुढे वेगवेगळा वागतो का, ते पाहावे. ‘जॉइन’ या कसोटीला पूर्ण उतरतो. ‘शाळेवर’मधला ‘वर’देखील आपलाच आहे. कामावर, ठाण्यावर, शाळेवर या चालीतच तो बसला. तेव्हा मास्तरांच्या घरातले वाक्य निर्दोष आहे.

‘जॉइन’ येण्याआधी लोक काय म्हणत? नोकरीला लागला, कामावर हजर झाला, आणि कचेरीच्या भाषेत रुजू झाला. ‘रुजू’चा मूळ अरबी शब्द परतण्याचा अर्थ सांगतो, जोडण्याशी त्याचा काही संबंध नाही. हिशेब ताडून पाहणे या अर्थाची ‘रुजवात’ त्याच घरातली. शासकीय मराठीत जॉइनिंग रिपोर्टला ‘हजर अहवाल’ किंवा ‘रुजू अहवाल’ म्हणतात. बदलीनंतर नव्या पदावर जाण्यासाठी मिळणारा जॉइनिंग टाइम १९८१ च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत ‘पदग्रहण अवधी’ आहे. ‘पदग्रहण अवधी’ कागदावरून फारसा खाली उतरला नाही. ‘रुजू’ मात्र बोलण्यातही जिवंत आहे, आणि तो मरू देऊ नये.

इंग्रजीला एकट्या ‘जॉइन’वर जे भागवता येते, त्यासाठी मराठीत क्रियापदांची रांग आहे. बुलडाणा जिल्ह्यातल्या नळगंगा, विश्वगंगा आणि ज्ञानगंगा पूर्णेला मिळतात. पूर्णा पुढे चांगदेवला तापीला मिळते. तिथे कुणी ‘जोडली जाते’ म्हणत नाही. रूळ जोडतात, मोडलेले हाड सांधते, लग्न जुळते, माणसे जोडावी लागतात, दिंडीत सामील होतात, बैल जुंपतात. ही विभागणी इतकी पक्की आहे की लहान मूलही ती चुकत नाही. ‘जॉइन’ने यातली फक्त नोकरीची, क्लासची आणि ग्रुपची जागा घेतली. नदीला, हाडाला आणि बैलाला त्याने हात लावलेला नाही.

बैलाची गोष्ट निघालीच आहे, तर आजचा उरलेला भाग तिच्यासाठी.

बैलाच्या मानेवर असते ते जू. संस्कृत ‘युग’, त्याचे प्राकृतात ‘जुअ’ आणि मराठीत ‘जू’. यात्रेची जत्रा झाली, यवाचे जव झाले, तसाच इथे ‘य’चा ‘ज’ झाला. कालखंड या अर्थाचे ‘युग’ आपल्याला आधी आठवते, पण ऋग्वेदात ते जू या अर्थानेही येते. मूळ धातू ‘युज्’, म्हणजे जोडणे, जुंपणे. योग, संयोग, वियोग, उद्योग, युक्ती, योजना हे सगळे त्याचेच. आता लॅटिनकडे पाहू. तिथे जुवाला म्हणतात ‘युगुम’ आणि जोडण्याला ‘युंगेरे’. हा ‘युंगेरे’ फ्रेंचमध्ये ‘ज्वांद्र’ झाला, म्हणजे तिथेही ‘य’ जाऊन ‘ज’सारखा उच्चार आला, आणि नॉर्मन राजवटीनंतर तो इंग्रजीत ‘जॉइन’ होऊन उतरला. इंग्रजीच्या स्वतःच्या घरात याच मुळाचा जुना शब्द आधीपासून होताच: ‘योक’, म्हणजे पुन्हा जूच.

सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असे मांडले. या भाषा एका कुळातल्या, याचा पुरावा चिखलीच्या किंवा मोताळ्याच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला आहे. वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते, जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा हळद-लोणी लावून शेकतात. त्या खांद्यावरचे ‘जू’ आणि नेमणुकीच्या पत्रातले ‘जॉइनिंग’ ही एकाच पूर्वजाची लेकरे आहेत. मराठीत तो पूर्वज तीन वाटांनी आला: प्राकृतातून ‘जू’ म्हणून, संस्कृतातून ‘योग’ आणि ‘संयुक्त’ म्हणून, आणि लॅटिन-फ्रेंच-इंग्रजी असा वळसा घेऊन ‘जॉइन’, ‘जॉइंट’ आणि ‘जंक्शन’ म्हणून. ‘जॉइंट’ला ‘संयुक्त’ म्हणतो तेव्हा एका भावाच्या जागी दुसरा भाऊ बसतो.

असे एक जंक्शन आपल्या बुलडाणा जिल्ह्यातच आहे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. तो मलकापूर, नांदुरा, शेगाव असा घाटाखालून गेला. कापसाची मोठी बाजारपेठ असलेले खामगाव काही मैलांनी बाजूला राहिले. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला स्वतः खामगावी आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय का यावा? अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला होता. खामगावची गाठ थेट लँकेशायरशी बांधायची होती. त्या एका फाट्याने जलंबसारखे लहान गाव जंक्शन झाले.

मराठी बोलीत मात्र ‘जंक्शन’ म्हणजे लहान काही असूच शकत नाही. जंक्शन पंगत, जंक्शन पहिलवान, जंक्शन भांडण. हा अर्थ इंग्रजीत नाही. भुसावळसारख्या मोठ्या स्टेशनांची गर्दी, गाड्या आणि रुबाब पाहून तो मराठी माणसाने दिलेला दिसतो. फिटरच्या तोंडी पाइपचा ‘जॉइंट’, वायरमनच्या तोंडी ‘जंक्शन बॉक्स’, आणि कोर्टात वकिलांचे ‘रिजॉइंडर’, म्हणजे उत्तराला प्रत्युत्तर, हेही याच कुळातले. मनाई हुकमाचे ‘इंजंक्शन’ही त्यातलेच. तारीख पुढे ढकलणारे ‘ॲडजर्न’ मात्र वेगळ्या घरचे: ते फ्रेंच ‘जूर’, म्हणजे दिवस, यापासून आले. त्याचे भाऊबंद ‘जर्नल’ आणि ‘जर्नी’.

रुळांची ही जोडाजोड जिल्ह्यात अर्धीच राहिली आहे. बुलडाणा या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नाही. खामगाव आणि जालना रेल्वेने जोडावे, म्हणजे घाटावरच्या चिखली आणि देऊळगाव राजालाही रूळ दिसतील, ही मागणी कित्येक दशकांची आहे.

मास्तरांना उत्तर असे: मराठीत ‘जॉइन झाली’ खुशाल म्हणा, लिहिताना ‘रुजू झाली’ लिहा, आणि इंग्रजीतले ‘इन’ काढून टाका. पुढच्या आठवड्यात ‘चार्ज’चा उत्तरार्ध येईल. तोवर एक विनंती. जुवाच्या भागांना, त्याच्या खुंट्यांना, पट्ट्यांना आणि दोऱ्यांना तुमच्या गावात काय म्हणतात ते कळवा. घाटावर आणि घाटाखाली ही नावे सारखी नाहीत, आणि ट्रॅक्टर आल्यापासून नव्या पिढीच्या कानांवर ती पडत नाहीत. गावाच्या नावासह आलेले प्रत्येक नाव या लेखमालेत छापले जाईल.